भर

गुरुवारी सकाळी साडेनऊला आम्ही
थॉर्नबेकच्या मागच्या फाटकाशी जमतो.
पुढचं फाटक तिकीट काढणाऱ्यांसाठी.
हेडली रेल्वेत सिग्नल पाडायचा,
अजून घड्याळ बघूनच चहा पितो.
थर्झा, शाळेच्या भटारखान्यात एकतीस वर्षं.
मी, बंद पडलेल्या पोस्टातली बाई.
बाकीचे पावसाचा रंग बघून येतात, किंवा येत नाहीत.

आयव्हो आमचा मुकादम. वय सव्वीस,
आमच्यात पगार फक्त त्याला.
तो दोरी ताणतो आणि दर गुरुवारी तेच सांगतो:
एकावर दोन, दोनांवर एक.
सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही.
उचललेला दगड परत खाली ठेवायचा नाही,
त्याची जागा कुठेतरी आहेच, शोधा.

चुना नाही, सिमेंट नाही.
दोन्ही अंगांना चेहऱ्याचे दगड
आणि मधे भर: मुठीत मावतील अशा चिपा, कपच्या,
एकेक हाताने बसवायची. ओतायची नाही.
ओतलेली भर दहा हिवाळ्यांत खाली बसते
आणि गडग्याला पोट सुटतं.
भरीचं काम माझ्याकडे.
गुडघे वाकत नाहीत, म्हणून
पालथ्या बादलीवर बसून भरते.
कुणाला कधीच दिसणार नाही असं काही
इतकं जपून मी आयुष्यात केलं नव्हतं.
पोस्टात निदान शिक्का तरी दिसायचा.

हा गडगा कशासाठी घातला
ते गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे.
हरणं आत राहावीत, आणि आम्ही बाहेर.
थर्झाची पणजी इथूनच
शालीखाली वाळकी फांदी नेताना सापडली.
दंड पाच शिलिंग. आठवड्याची मजुरी.
मग आपण हा फुकट का बांधतोय, मी एकदा विचारलं.
हेडलीने घड्याळ पाहिलं.
चहाला अजून सात मिनिटं होती.
"पडलेला बघवत नाही," म्हणाला.

नोव्हेंबरात ओढ्याकडचं खिंडार उसवताना
भरीत हाताला काहीतरी मऊ लागलं.
मोजा काढला. बेडूक.
गार, खडबडीत, गाढ झोपेत.
त्याच्यामागे आणखी दोन.
गळा हलत होता की नव्हता, सांगता येईना.
आयव्हो चिखलात गुडघे टेकून बसला,
दगड होते तसे परत लावले
(खाली न ठेवण्याचा नियम बेडकांना लागू नसावा),
नारिंगी दोरी बांधली.
मार्चपर्यंत इथे कुणी हात लावायचा नाही.

म्हणजे चार महिने खिंडार उघडं.
शेजारच्या मेंढ्यांना दुसऱ्याच दिवशी बातमी लागली,
मग त्यांच्यामागे त्यांचा मालक,
मग त्याची पोरं, मग त्या पोरांचा कुत्रा.
आमच्या पणज्या-खापरपणज्यांना
दोनशे वर्षं जे जमलं नाही
ते तीन बेडकांनी झोपेत केलं.

चारला उजेड सरतो.
कुदळी, हातोडे मोजून गाडीत.
आयव्हो ओरडतो, वाळकं लाकूड हवं तेवढं न्या,
फक्त कुजायला थोडं राहू द्या, किड्यांना लागतं.
हेडली सगळ्यांसमोर भारा बांधतो.
थर्झा मात्र होलीच्या झाडामागे जाते,
कोटाची बटणं सोडते,
एकच फांदी आत सरकवते, बटणं लावते
आणि आयव्होच्या समोरून ताठ चालत जाते.
डावा पाय गुडघ्यात वाकत नाही.
तो तेवढ्यापुरता आभाळ बघतो.

अगं, मागितलं की मिळतंय, मी तिला म्हटलं.
"मागून आणलेलं," ती म्हणाली,
"नीट पेटत नाही."